सोलापुरात नवीन घरासाठी नक्षीदार लोखंडी गेट कसे ठरवावे आणि कसे करून घ्यावे

घराचे बांधकाम आटोपत आले, फरशी बसली आणि रंगाचा पहिला हात झाला की मग गेटचा विषय निघतो. तोपर्यंत हातातले पैसे बहुतेक संपलेले असतात आणि वास्तुशांतीची तारीखही ठरलेली असते, त्यामुळे मोबाईलवर पाहिलेले एखादे चित्र फॅब्रिकेशनवाल्याला दाखवून तसेच गेट करण्यास सांगितले जाते. असे गेट पहिल्या दिवशी देखणे दिसते, परंतु दोन पावसाळ्यांत त्याचा पल्ला, म्हणजे उघडणारे दार, खाली बसतो, कडी कोयंड्यात नीट बसत नाही आणि खालच्या पट्टीतून गंजाचे तांबडे ओघळ फरशीवर उतरू लागतात. अशा तक्रारींचे मूळ बहुधा नक्षीत सापडत नाही. ज्या क्रमाने निर्णय घेतले गेले त्या क्रमात सापडते. जागा, खांब, चौकट आणि त्यानंतर नक्षी या क्रमाने विचार केला, तर साध्या वर्कशॉपमध्येही उत्तम गेट तयार होते. प्रथमच घर बांधणाऱ्यांसाठी हा क्रम येथे दिला आहे.

पहिली पायरी : जागा आणि गेटचा प्रकार

मोटार आत घ्यायची असल्यास खांबांमधील मोकळे अंतर आधी ठरवावे. छोट्या मोटारीची रुंदी आरशांसह सहा-सव्वासहा फूट असते. समोरचा रस्ता प्रशस्त असेल आणि गाडी सरळ आत येत असेल तर १० फुटांचे अंतर पुरते. गल्ली अरुंद असून तेथेच गाडी वळवावी लागत असेल तर १२ फूट ठेवणे हिताचे आहे. हे माप गिलावा पूर्ण झाल्यानंतर, वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी घ्यावे, कारण दोन्ही खांब ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभे, आहेत असे समजून चालणे धोक्याचे असते.

दोन पल्ल्यांचे उघडणारे गेट आणि सरकते गेट हे दोन मुख्य पर्याय आहेत. उघडणारे गेट घराच्या आवारातच उघडले पाहिजे; रस्त्यावर उघडणारे गेट बांधकाम नियमांत बसत नाही आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना अडथळाही होतो. १२ फुटांच्या गेटचा प्रत्येक पल्ला ६ फुटांचा होतो, म्हणून आत तेवढी मोकळी जागा लागते. आवारातील फरशी घराकडे चढत गेली असेल तर उघडताना पल्ल्याचे टोक फरशीला घासते. अशा वेळी पल्ला जमिनीपासून किती उंच ठेवावा लागेल, हे पल्ला जेथपर्यंत उघडतो तेथील उंची पाहून ठरवावे. केवळ उंबऱ्यावरची उंची पाहू नये.

सरकत्या गेटला आत जागा लागत नाही, परंतु बाजूच्या भिंतीला लागून गेटच्या लांबीपेक्षा फूट-दीड फूट अधिक अशी सलग सरळ जागा लागते. सोलापुरात नळाचे पाणी रोज येत नसल्यामुळे पुष्कळ घरांत पाण्याचा हौद पुढच्या आवारातच, नेमका गेटजवळ घेतलेला असतो. सरकत्या गेटचा रूळ हौदाच्या झाकणावरून जात असेल तर हौद धुण्याच्या वेळी अडचण होते, आणि खांबाचा पाया हौदाच्या भिंतीला चिकटून घेतला तर दोन्ही कमकुवत होतात. टँकरचा पाइप आत घेण्यासाठी गेटच्या एका कोपऱ्यात खाली पुरेशी फट ठेवावी किंवा भिंतीत वेगळे छिद्र ठेवावे. अन्यथा उन्हाळ्यात टँकर आला की रात्री-अपरात्री अख्खे गेट उघडून ठेवावे लागते.

सरकत्या गेटबाबत आणखी एक विचार करावा. आपल्याकडे सकाळी दारापुढे सडा घालून रांगोळी काढली जाते, आणि रूळ नेमका त्या जागेवरून किंवा तिच्या लगत जातो. पाणी, माती आणि रांगोळीची पूड रुळात साचते, चाके अडखळतात आणि काही महिन्यांत गेट ओढताना जोर लावावा लागतो. रूळ जमिनीत गाडण्याऐवजी फरशीच्या किंचित वर ठेवला आणि दोन्ही टोकांना पाणी वाहून जाण्याची सोय केली, तर हा त्रास बराच कमी होतो.

माणसांच्या येण्याजाण्यासाठी तीन फुटांचे स्वतंत्र छोटे गेट असावे. पूर्वीच्या वाड्यांतील दिंडी दरवाजाप्रमाणे मोठ्या पल्ल्यातच छोटे दार काढता येते, परंतु लोखंडी पल्ल्याची चौकट त्यामुळे मध्येच तुटते आणि पल्ला लचकतो. प्लॉटची दर्शनी बाजू तीस फूट असेल तर वेगळ्या छोट्या गेटला जागा निश्चित निघते, आणि मोठे गेट दिवसातून एक-दोनदाच उघडावे लागल्याने त्याचे आयुष्यही वाढते.

दुसरी पायरी : खांब आणि काळी माती

सोलापूरच्या भोवताली वाढलेल्या नव्या वसाहतींत अनेक ठिकाणी काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात. या हालचालीत उथळ पायाचा खांब दरवर्षी थोडा थोडा कलतो. खांब अर्धा इंच कलला तरी दोन पल्ले मधोमध जुळत नाहीत, आणि मग दोष गेट करणाऱ्याला दिला जातो. म्हणून गेटच्या खांबाचा पाया काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत नेणे ही या सगळ्या कामातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि येथे वाचवलेला पैसा पुढे दुप्पट द्यावा लागतो. खांब आरसीसीचे, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचे असावेत, दोन्ही खांब प्रवेशाच्या खालून जमिनीत बीमने जोडलेले असावेत आणि पायाभोवती काढलेली काळी माती परत न भरता मुरूम भरून ठोकून घ्यावा.

खांबावर नेमका किती ताण येतो हे समजून घेतल्यास हा आग्रह पटेल. समजा, एक पल्ला सहा फूट रुंद व ५८ किलो वजनाचा आहे आणि वरच्या व खालच्या बिजागरीत चार फूट अंतर आहे. पल्ल्याचे वजन खांबापासून तीन फुटांवर केंद्रित धरले, तर वरची बिजागरी खांबाला सुमारे ४४ किलोच्या जोराने सतत बाहेर ओढत असते. मुले गेटला लोंबकळून झोके घेतातच. २५ किलोचे एक मूल पल्ल्याच्या मोकळ्या टोकाला लटकले की त्याच बिजागरीवर आणखी ३७-३८ किलोचा ओढा पडतो. दोन बिजागऱ्यांमधील अंतर जितके जास्त तितका हा ओढा कमी, म्हणून वरची बिजागरी शक्य तितकी वर आणि खालची शक्य तितकी खाली घ्यावी. बिजागरीची पट्टी वेल्ड करण्यासाठी लागणारी लोखंडी प्लेट खांबाच्या सळयांना जोडून काँक्रीट भरतानाच बसवून घ्यावी. नंतर खांबाला छिद्रे पाडून बोल्ट ठोकणे हा नाइलाजाचा उपाय आहे. यासाठी गेट करणाऱ्याशी बोलणे खांब भरण्यापूर्वी व्हायला हवे, आणि बहुतेक घरांत नेमके हेच राहून जाते.

तिसरी पायरी : चौकट, माल आणि वजन

घरगुती गेटसाठी माइल्ड स्टीलचा, म्हणजे बोलीतल्या ‘एमएस’चा माल वापरला जातो. बाहेरची चौकट ४० × ४० मि.मी. चौकोनी पाइपची, २ मि.मी. जाडीची असावी. पाइपची जाडी दुकानात गेजमध्ये सांगितली जाते. १४ गेज म्हणजे सुमारे २ मि.मी., १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मि.मी. आणि १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मि.मी. आकडा वाढला की जाडी कमी होते, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. पाइपच्या कापलेल्या टोकाला व्हर्नियर (जाडी मोजण्याचे साधन) लावून जाडी स्वतः मोजावी. प्रामाणिक कारागीर त्याला हरकत घेत नाही.

वजनाचा अंदाज घरीच काढता येतो. भरीव चौरस बारची बाजू मिलिमीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करावा आणि त्याला ०.००७८५ ने गुणावे, म्हणजे एका मीटरचे वजन किलोमध्ये मिळते, १२ मि.मी. बारचे १.१३ किलो येते. पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो असते. वर उल्लेखलेला पल्ला याच हिशेबाचा आहे. सहा फूट रुंद व पाच फूट उंच चौकट आणि मधली आडवी पाइप मिळून २० किलो, १२ मि.मी.चे पंधरा उभे बार मिळून २४ किलो आणि खालच्या दोन फुटांना १.६ मि.मी.चा पत्रा सुमारे १४ किलो, अशी ती बेरीज आहे. पल्ला मजबूत राहील, तरीही घरातील वृद्धांना एका हाताने लोटता येईल असे हे वजन आहे. याच पल्ल्याला पूर्ण उंचीचा ३ मि.मी.चा अखंड पत्रा लावला तर एकट्या पत्र्याचेच वजन ६५ किलोच्या आसपास जाते.

उभ्या बारमधील मोकळे अंतर चार इंचांपेक्षा कमी असावे, म्हणजे लहान मुलाचे डोके त्यात अडकणार नाही. वर दिलेल्या मापात हे अंतर सुमारे ९८ मि.मी. येते. रस्त्यावरची कुत्री आणि डुकरे आत येऊ नयेत म्हणून खालच्या भागात पत्रा किंवा दाट जाळी घ्यावी. पुष्कळ आडव्या पट्ट्यांचे गेट सध्या लोकप्रिय आहे आणि दिसतेही नेटके, परंतु ते मुलांना शिडीसारखे चढता येते, म्हणून लहान मुले असलेल्या घरात मी उभ्या बारचीच शिफारस करीन.

पूर्ण पत्रा लावण्याआधी वाऱ्याचाही विचार करावा. वळवाच्या पावसापूर्वी सुटणारा वारा सोलापूरकरांना नवा नाही. ताशी ७० किलोमीटरच्या वाऱ्यात १२ बाय ५ फुटांच्या बंद गेटवर सुमारे १३० किलोचा दाब येतो आणि तो सगळा कडी, अडसर व बिजागऱ्यांना सोसावा लागतो. जाळीदार गेटमधून वारा निघून जातो, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी ओसरीवर बसणाऱ्यांनाही त्याचा लाभ होतो.

चौथी पायरी : नक्षी

एवढे ठरल्यावर नक्षीकडे वळावे. नक्षी निवडताना आपल्या गावातच इतके साहित्य आहे की परक्या कॅटलॉगची गरज क्वचितच पडते. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर घरोघरी आहे. तिची किनार एकदा गेटच्या दृष्टीने पाहावी. जेकार्ड मागावर विणलेल्या नक्षीतील फुलाची पाकळीसुद्धा बारीक पायऱ्यापायऱ्यांनी वळते, कारण ताणा आणि बाणा दोन्ही सरळ असतात. हाच गुण लोखंडाला सोयीचा आहे. पायऱ्यांची, चौकटींची, शंकरपाळ्याच्या आकाराची किनार २० × ५ मि.मी.च्या पट्टीचे काटकोनात तुकडे कापून जोडता येते. त्यासाठी लेझर मशीनची किंवा पट्टी वाकवण्याच्या कौशल्याची गरज नसते. सगळे गेट अशा नक्षीने भरू नये. उभ्या साध्या बारच्या मधोमध सात-आठ इंचांचा एकच आडवा पट्टा दोन्ही पल्ल्यांवरून सलग गेला की चादरीची किनार जशी मोकळ्या अंगावर उठून दिसते तसाच तो दिसतो.

दुसरा उत्तम आधार ठिपक्यांच्या रांगोळीचा. शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक विणकर कुटुंबांच्या दारात आणि मराठी घरांच्या अंगणात ठिपक्यांभोवती फिरणाऱ्या रेषांची रांगोळी सारखीच रमलेली आहे. ठिपक्याच्या जागी लोखंडी गोळा आणि रेषेच्या जागी ८ मि.मी.ची गोल सळई घेतली की जाळी तयार होते. या रांगोळीतील रेषा एकमेकींना छेदत परत स्वतःलाच येऊन मिळतात, त्यामुळे प्रत्येक छेदाला वेल्डिंगचा टाका बसतो आणि जाळी आपोआप मजबूत होते. प्रथम ती खऱ्या मापात कागदावर किंवा वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढून घ्यावी. घरातील ज्यांचा रांगोळीत हात आहे त्यांनीच ती काढली तर गेटला घराची खूण लाभते.

जुन्या वाड्यांच्या महिरपीसारखी कमान गेटच्या वरच्या कडेला घ्यावी, अशी अनेकांची इच्छा असते. येथे एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी. दोन पल्ले मिळून मध्यभागी उंच होणारी कमान केली तर जास्तीचे लोखंड बिजागरीपासून सर्वांत दूरच्या टोकाला जाते आणि पल्ला लवकर झुकतो. याउलट खांबाकडे उंच आणि मध्यभागी खाली उतरणारी वक्र कड घेतली तर वजन खांबाजवळ राहते. मध्यभागी उंच कमानच हवी असेल तर ती पल्ल्यांवर न घेता दोन्ही खांबांना जोडणारी स्थिर कमान करावी. तिच्यावर दिवा आणि घराचे नावही बसते, आणि दसऱ्याला व पाडव्याला तोरण बांधण्यासाठी तिला चार छोटे हूक आधीच वेल्ड करून ठेवता येतात.

वेलबुट्टीची वळणे हाताने पट्टी वळवून करणारे कारागीर मिळाले तर त्यांना दोन पैसे अधिक द्यावेत, कारण त्या वळणात जो जिवंतपणा असतो तो साच्यातल्या तुकड्यात येत नाही. तयार फुले, पाने आणि भाले घ्यायचे असतील तर ते बिडाचे (ओतीव लोखंडाचे) नसून स्टीलचे असल्याची खात्री करावी. बीड ठिसूळ असते आणि नेहमीच्या वेल्डिंग रॉडने त्याचा जोड पक्का होत नाही. थोड्या दणक्याने फूल गळून पडते. टोकदार भाले साडेपाच-सहा फुटांच्या खाली लावू नयेत. मुले गेटवर चढतात, आणि अशा भाल्यांनी झालेल्या जखमा गंभीर असतात.

सीएनसी लेझरने, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने, कापलेल्या पत्र्याची आज मोठी चलती आहे. तो घ्यायचा असल्यास पत्रा २ मि.मी.पेक्षा पातळ नसावा, कारण पातळ पत्रा वाऱ्यात थडथडतो. नक्षीचा कोणताही भाग फार बारीक दांडीवर लोंबकळता नसावा. ॐ, स्वस्तिक किंवा देवाची आकृती दोन पल्ल्यांच्या मधोमध घेतली तर गेट उघडताच ती दुभंगते, आणि खाली घेतली तर रस्त्याची धूळ व चिखल तिच्यावर उडतो. म्हणून ती एकाच पल्ल्यावर, छातीच्या उंचीच्या वर घ्यावी किंवा खांबावर बसवावी.

पाचवी पायरी : काम देणे आणि करून घेणे

दर किलोवर किंवा चौरस फुटावर सांगितला जातो. किलोवर काम दिले तर माल जड वापरण्याकडे कल होतो, चौरस फुटावर दिले तर पातळ वापरण्याकडे. पाइपची, बारची व पत्र्याची जाडी कागदावर लिहून घेतली की दोन्ही पद्धती चालतात. किलोवर ठरले असेल तर रंग देण्यापूर्वी आपल्यासमोर काट्यावर वजन करून घ्यावे. बिजागऱ्या, कड्या, प्रायमर, रंग, वाहतूक आणि बसवणूक दरात धरली आहे की नाही, हेही त्याच कागदावर असावे.

चौकट तयार झाली की पक्के वेल्डिंग करण्याआधी टाके मारलेल्या अवस्थेत एकदा जाऊन पाहावे. दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते समान असतील तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. केवळ उभे बार असलेल्या पल्ल्याला खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे जाणारी तिरपी पट्टी असावी; खालच्या भागात चारही बाजूंनी नीट वेल्ड केलेला पत्रा असेल तर तोच हे काम करतो. पाइपची उघडी टोके टोपी लावून बंद केलेली असावीत आणि खालच्या आडव्या पाइपला तळाशी लहान छिद्र असावे, म्हणजे आत शिरलेले पाणी साचून राहणार नाही. वेल्डिंगवरची खपली हातोडीने काढून ग्राइंडर फिरवल्यावर जोडात बारीक छिद्रे दिसली तर ती लांबी (पुट्टी) भरून झाकू न देता पुन्हा वेल्ड करून घ्यावीत. पत्रा आणि पाइप यांच्यातील फट केवळ तुटक टाक्यांनी जोडलेली असेल तर तेथे पाणी शिरते आणि गंजाची सुरुवात बहुतेक वेळा तेथूनच होते.

सहावी पायरी : रंग

लोखंडावरची धूळ, तेल आणि गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने काढून, थिनरने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा पहिला हात द्यावा. प्रायमर खालच्या कडेला आणि बिजागरीच्या मागेही पोहोचला आहे का, हे खाली बसून पाहावे. प्रायमरचे दोन आणि इनॅमलचे दोन असे चार पातळ हात दोन जाड हातांपेक्षा अधिक टिकतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना उन्हात तापलेल्या लोखंडावर रंग देऊ नये. वरचा थर लगेच वाळतो, आतला ओला राहतो आणि फोड येतात. दिवाळीनंतरचे कोरडे, थंड दिवस या कामाला सर्वांत चांगले.

पावडर कोटिंग सुबक दिसते व टिकते, परंतु ते भट्टीत भाजले जाते, त्यामुळे सगळे वेल्डिंग त्याआधी पूर्ण झालेले असले पाहिजे. गेट जागेवर बसवताना पुन्हा वेल्ड मारला तर तेथील थर जळतो. म्हणून अशा गेटला बोल्टने बसणाऱ्या बिजागऱ्या घ्याव्यात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या गेटला काळा रंग दिला तर उन्हाळ्यात दुपारी त्याला हात लावता येत नाही. राखाडी किंवा बदामी रंग घ्यावा, निदान मूठ तरी लाकडाची बसवावी.

बसवल्यानंतर

पहिल्या पावसाळ्यानंतर, साधारण ऑक्टोबरात, दोन्ही पल्ले मधोमध जुळतात का, खालची फट दोन्ही टोकांना सारखी आहे का, हे तपासावे. बिजागऱ्यांना वर्षातून दोनदा ग्रीस द्यावे. सड्याचे पाणी आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी उडून खालच्या सहा इंचांत रंग सर्वांत आधी सुटतो. तेथे पांढरा थर दिसला की ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे, आणि पोपडा निघाला असेल तर तेवढाच भाग घासून प्रायमर व रंगाचा हात द्यावा. त्यासाठी काम संपताना उरलेल्या रंगाचा छोटा डबा, त्याच्या छटेचा क्रमांक लिहून, कारागिराकडून मागून घ्यावा.